चित्राखालचा आवाज

१

छोटीच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला सकाळी साडेदहा वाजता मी प्लेअरवर कॅसेट लावली. टीव्हीवर आई दिसली, हसली, तिचे ओठ हलले. स्पीकरमधून काहीच आलं नाही.

आधी वाटलं वायर सैल आहे. काढून परत घातली. मग वाटलं स्पीकर बंद राहिलाय. नव्हता. मग मी उगाच सगळं बंद करून चालू केलं, काही सुचलं नाही की माणूस करतो तसं. छोटी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून उभी होती. थोड्या वेळाने म्हणाली, राहू दे दादा, नंतर बघू. आणि स्वतःच्या वाढदिवशी मलाच चहा करून आणला.

आता हे का एवढं, ते सांगतो. आई गेली तेव्हा छोटी दोन वर्षांची होती, मी नऊ. आईचे फोटो आहेत, भरपूर आहेत. आवाज कुठेच नाही. लहानपणी छोटी सगळ्यांना विचारत फिरायची, आईचा आवाज कसा होता. बाबा म्हणायचे मऊ. मावशी म्हणायची खणखणीत, चार घरं पलीकडे जायचा. मी म्हणायचो चांगला होता. काय सांगणार? आवाज सांगता येतो का.

ही कॅसेट म्हणजे आईचं एकुलतं एक चित्रीकरण. अठरा मिनिटं. मावशीचा कॅमेरा आमच्याकडे आला होता, तो मी टेबलावर स्टँडला लावला आणि मीच मागे उभा राहिलो. आई वेताच्या खुर्चीत, छोटी मांडीवर. दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली.

मी जुन्या कॅसेटी साफ करतो. पोटासाठी नाही, नादासाठी. कोणी शिकवलं नाही. नेटवर बघत, चुकत, लोकांच्या शिव्या खात शिकलो. चित्रावरची मुंग्यांसारखी वळवळ काढायची, थरथर काढायची, उडालेला रंग परत आणायचा. या अठरा मिनिटांवर मी चार महिने बसलो होतो. आणि माझा एक नियम आहे, आवाज शेवटी. आधी नुसतं चित्र कॉम्प्युटरवर उतरवायचं, आवाजाची वायर लावायचीसुद्धा नाही. लोकांना सांगतो की लक्ष विचलित होतं. या वेळी खरं कारण वेगळं होतं. मला एकट्याला ऐकायचं धाडस नव्हतं. आणि छोटीला वचन दिलं होतं, पहिल्यांदा तू ऐकशील. आवाज तुझ्यासमोर उतरवायचा.

म्हणजे चार महिने आईचं तोंड बघतोय, पापणी न् पापणी ओळखीची झालीय, आणि ती काय बोलते ते मला माहीत नाही. मूर्खपणा म्हणा.

दुसरी एक कॅसेट लावून बघितली. तिचा आवाज ठणठणीत. म्हणजे प्लेअर ठीक, वायर ठीक. मग आईची कॅसेट हातात घेऊन उलटीपालटी केली. पाठीवर एका कडेला प्लास्टिकची छोटी पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर काही नवं रेकॉर्ड होत नाही. ती मोडलेली होती, मीच मोडली असणार लहानपणी. पण त्या खड्ड्यावर चिकटपट्टी लावलेली होती. असं केलं की मशीन फसतं आणि परत रेकॉर्ड करू देतं.

सतरा वर्षं जुनी चिकटपट्टी पिवळी पडते, कडक होते. ही पारदर्शक होती. नखाने उचलली तर तिचा डिंक बोटाला लागला.

ताजी होती.

२

गेल्या वर्षभरात ती कॅसेट माझ्याशिवाय तीन माणसांच्या हातात गेली होती. आधी बाबा. ती त्यांच्या कपाटात होती. मी मागितल्यावर म्हणाले शोधतो, आणि शोधायला तीन आठवडे लावले. मग जुनी मशीनं दुरुस्त करणारे डेकवाले. कॅसेटच्या पट्ट्यावर बुरशी होती, ती त्यांनी दोन दिवस ठेवून साफ करून दिली. मग मी चित्र उतरवलं. मग मावशी. आपल्या बहिणीला, म्हणजे आईला, बघायचंय म्हणून आठवडाभर घेऊन गेली. घरात छोटी होतीच, पण तिला मी यादीत घेतलं नाही. ज्याला भूक लागलीय तो आपलं ताट कशाला सांडेल.

पहिला गेलो डेकवाल्यांकडे. नाव काहीतरी असेल, पण सगळी गल्ली त्यांना डेकवालेच म्हणते. दुकान म्हणजे जिन्याखालची फट. आत तीन भिंतींना उघडी मशीनं, मध्ये एक स्टूल, स्टुलावर ते. गिऱ्हाईक बाहेर उभं.

मी जरा आडून विचारलं, साफ करताना कधी आवाज जातो का. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, सरळ विचार की, माझ्या हातून गेला का म्हणून. मग कॅसेट घेतली, झाकण उचलून पट्टा उजेडात धरला आणि मला शाळेतल्यासारखं समजावलं. चित्र पट्ट्याच्या मध्यभागी असतं. आवाज एका कडेला, बारीक रेघेत. बुरशीने गेला असता तर चित्रालाही चट्टे पडले असते. आपटली असती, चुंबकाजवळ ठेवली असती तर दोन्ही गेलं असतं. नुसता आवाज गेलाय आणि चित्र जसंच्या तसं, म्हणजे एकच बटण.

"कुठलं?"

"चित्र तसंच ठेवून वरून नवा आवाज चढवायचं बटण. सगळ्या मशीनला नसतं. माझ्याकडची सगळी बघ, एकाला दाखव. ही मशीनं घरात कोणी घेत नसे. ज्यांना चित्रावर स्वतःचं बोलणं घालायचंय असले लोक घ्यायचे."

मी एकेक मशीन बघितलं. खरंच नव्हतं.

निघताना त्यांनी हाक मारली. "ज्याने केलंय ना, त्याला तुझी आई पुसायची नव्हती. नुसतं रेकॉर्डचं बटण दाबलं असतं तरी काम झालं असतं. सोपं होतं ते. त्याने अवघड केलं, चित्र राखून."

मला तेव्हा ते डोक्यात शिरलं नाही. मला फक्त एवढं कळलं की कॅसेटवर आई असं काहीतरी बोललीय, जे कोणालातरी ऐकू द्यायचं नव्हतं.

३

मावशी दोन गल्ल्या पलीकडे शिवणाचे क्लास घेते. मी गेलो तेव्हा चार बायका कापड बेतत होत्या. मावशीने त्यांना टाके घालायला बसवलं आणि मला आतल्या खोलीत नेलं.

आवाज गेला हे सांगितल्यावर ती पलंगावर बसली आणि बराच वेळ गळ्यातल्या मापाच्या टेपशी खेळत राहिली. मग म्हणाली की आठवडाभर कॅसेट तिच्याकडे होती, पण तिने लावलीच नाही. आई गेली त्याच्या आठ दिवस आधी त्या दोघींचं भांडण झालं होतं. कशावरून तेही आता तिला धड आठवत नाही. तिला भीती वाटली की आई कॅसेटमध्ये तिच्याबद्दल काही बोललेली असेल. म्हणून कॅसेट उशीखाली ठेवली आणि सात दिवसांनी परत दिली.

कारण होतं म्हणजे तिच्याकडे. पण प्लेअर बघितला. डबडं. त्याला प्ले, स्टॉप, पुढे, मागे एवढंच. रेकॉर्डचंच बटण नाही तर आवाजाचं कुठून येणार.

मी उठायला लागलो तर तिने हात धरला.

"तुला खरंच कळत नाही का कळून घ्यायचं नाही? कॅसेट होती कोणाकडे सतरा वर्षं? त्या दिवशी उशिरा कोण आलं? तिला त्रास सुरू झाला तेव्हा हा माणूस कुठे होता? दवाखान्यात न्यायला उशीर झाला म्हणून डॉक्टर बोलले, मी समोर होते. विचार त्याला, कॅसेटमध्ये ती काय म्हणाली ते. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, सांग त्याला."

हे मी आयुष्यभर ऐकत आलोय. बाबांना उशीर झाला. मजा म्हणजे बाबांनी कधी ते नाकारलं नाही. मावशी तोंडावर बोलायची आणि बाबा मान हलवायचे. हो, मला उशीर झाला. बस. बाकी काही नाही.

आणि मी, खरं सांगतो, पंधरा सोळा वर्षांचा झाल्यापासून मनातून त्यांच्यावर तेवढ्यासाठी चिडून होतो. उशीर का झाला हे एकदाही न विचारता.

४

बाबा गॅलरीत चपलेचा अंगठा शिवत होते. ते कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहेत. घरातलं काहीही बाहेर दुरुस्तीला जात नाही.

मी सांगितलं, आवाज गेलाय. ते म्हणाले, जुनी कॅसेट आहे, जातो कधी कधी. वर बघितलं नाही. मी विचारलं, तुम्ही कधी लावून बघितली होतीत का. नाही म्हणाले. सतरा वर्षांत एकदाही? एकदाही नाही. कशावर लावणार, घरात प्लेअर तर तू आणलास.

पटण्यासारखं होतं. मग त्यांनी दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "शेवटचं पण साफ केलंस का? ती खुर्चीत गप्प बसून राहते ते?"

मी हो म्हणालो.

ते माझं सगळ्यात चांगलं काम आहे, खरं तर. बाराव्या मिनिटापासून शेवटपर्यंत आई जवळजवळ हलतच नाही. कॅमेऱ्याकडे बघून बसते, ओठांवर हसू, एक हात दुसऱ्या हातात घट्ट. हलणारं माणूस साफ करणं अवघड, स्थिर माणूस सोपं. तिच्या कपाळावर आणि ओठावर चमचम करणारे ठिपके होते, तेवढे काढायला मात्र तीन आठवडे गेले. आमच्या नादिष्टांच्या एका ग्रुपवर मी तो तुकडा टाकला होता. लोकांनी वाहवा केली. एकाने लिहिलं, त्वचा कालची वाटते.

रात्रीची जेवणं झाली, भांडी झाली, आणि नळाखाली हात धुताना माझ्या डोक्यात उजेड पडला.

बाबांनी साफ केलेलं चित्र अजून बघितलेलं नव्हतं. छोटीच्या आधी घरात कोणालाच दाखवणार नव्हतो. कॅसेट त्यांनी एकदाही लावली नव्हती, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे. मग आई शेवटी खुर्चीत गप्प बसून राहते, हे त्यांना कसं माहीत?

५

तरी पुरावा नव्हता. बोलताना माणूस काहीही बोलून जातो. मावशीने सांगितलं असेल, असं ते म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी मी कॅसेटवरची ती शांतता कॉम्प्युटरवर उतरवली. शांतताच, पूर्ण अठरा मिनिटं. हे वेड्यासारखं वाटेल, पण पूर्ण शांतता कुठे नसते. नवा आवाज चढवताना मशीनला माइक लावलेला असेल, तर त्या खोलीत जे काही होतं ते बारीक का होईना येतं. मी आवाज वाढवत गेलो. आधी नुसतं घूं, वीज वाहते त्याचं. अजून वाढवला. दार लागल्यासारखा एक धप्प. मग काहीच नाही. जो कोणी होता तो बटण दाबून खोलीबाहेर निघून गेला होता.

सातव्या मिनिटाला घंटा वाजली.

लांबून, भिंतीपलीकडून. विजेची घंटा. एक लांब टर्रर्र, आणि थांबताना दोनदा अडखळते, ट, ट. मी हेडफोन काढून ठेवले. ती घंटा मला ओळखीची होती. मी त्या कॉलेजात एक वर्ष काढलंय, मग मी कॉलेज सोडलं की कॉलेजने मला, हा वादाचा मुद्दा आहे. पण घंटा सुटत नाही माणसाला. ती अडखळ दुरुस्त करा म्हणून दर वर्षी अर्ज जायचा.

आणि प्रयोगशाळेला लागून एक अंधारी खोली आहे, दृकश्राव्य कक्ष अशी पाटी. तिथे एक भलं मोठं जुनं मशीन आहे, माइक जोडलेलं. प्राध्यापक लोक परदेशी फिल्मवर स्वतःचं बोलणं चढवून घ्यायचे. चढवून कोण द्यायचं? सहायक.

किल्ली कोणाकडे असते ते मी लहानपणापासून बघतोय. आमच्या दाराच्या मागच्या खिळ्यावर असते.

६

म्हणजे चोर सापडला. पण आवाज गेला तो गेलाच, असं धरून मी डेकवाल्यांकडे गेलो, उगाच, कोणालातरी सांगायचं म्हणून. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, तुझ्या मावशीचा कॅमेरा कुठला होता. मावशीला फोन करून कॅमेऱ्यावर काय लिहिलंय ते वाचायला लावलं. ऐकून म्हातारा हसला. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं.

तो कॅमेरा महागातला होता. तो आवाज दोन ठिकाणी लिहायचा. एक नेहमीसारखा कडेच्या रेघेत. आणि दुसरा चित्राच्याच खाली, त्याच जागेत, जास्त खोल. साधं मशीन फक्त कडेचा आवाज वाचतं, माझं तसलंच होतं, कॉलेजचंही तसलंच असणार. ते आवाज चढवायचं बटण फक्त कडेची रेघ पुसतं. खालचा आवाज पुसायचा तर चित्रच पुसावं लागतं.

"म्हणजे आहे?"

"जो चित्र राखतो त्याच्याकडून आवाज राखला जातो. त्याला माहीत नव्हतं एवढंच."

त्यांनी खालचा आवाज वाचणारं मशीन फडक्यातून काढलं, माझा लॅपटॉप जोडला. हेडफोन त्यांनी घातले, मी नाही. वचन होतं ना. मी पडद्यावर नुसती आवाजाची रेघ बघत बसलो. रेघ उठत होती, पडत होती, म्हणजे आई बोलत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते आलं तसं येऊ दिलं.

बाराव्या मिनिटानंतर रेघ लहान लहान होत गेली. डेकवाल्यांनी हेडफोन काढले. अठरा मिनिटं पूर्ण होईपर्यंत ते दुसरीकडे बघत बसले. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"आधी एकटा ऐक," ते म्हणाले.

मी म्हणालो, बहिणीला शब्द दिलाय.

"शब्द मोड. माझं ऐक, पोरा. एकटा ऐक आणि मग ठरव."

मला वाटलं, बाबांचं काहीतरी भयंकर आहे त्यात. उलट जोरच आला मला.

७

रविवारी सकाळी मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. मावशीला मुद्दाम बोलावलं. साफ केलेल्या चित्राला खालचा आवाज न ऐकताच जोडून लॅपटॉप टीव्हीला लावून ठेवला होता. लहानपणापासून रहस्यकथा वाचून वाचून डोकं सडलंय माझं, शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवायचं असतं असं वाटतं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत. मावशी पलंगावर. छोटी जमिनीवर, टीव्हीच्या अगदी समोर.

मी एकेक करून मांडलं. ताजी चिकटपट्टी. न लावलेल्या कॅसेटचा शेवट माहीत असणं. सातव्या मिनिटाची घंटा. खिळ्यावरची किल्ली. आवाज चढवला असेल तर तो वर्षानुवर्षं लोकांसाठी चढवणाऱ्या माणसानेच. बोलताना मला छान वाटत होतं, हे लपवत नाही. इतक्या वर्षांचा राग नीट ओळीत उभा राहिला होता.

मी थांबल्यावर बाबा म्हणाले, "हो. मीच."

मावशी म्हणाली, "बघा."

"का केलंत?" मी विचारलं.

"छोटीला आत पाठव. मावशीलाही. तुला एकट्याला सांगतो."

छोटी म्हणाली, मी कुठे जाणार नाही. ती शांतपणेच म्हणाली. मी बाबांना म्हणालो की सांगायची गरज नाही, आवाज सापडलाय, चित्राखाली होता, आता आईच सांगेल. बाबा उठले. माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "नको लावू रे. तुझ्या पाया पडतो, नको लावू."

मी लावलं.

आई बोलली. "हात दाखव दादाला. हा नाही गं, दुसरा. बघ, दादा आपल्याला टीव्हीत घालतोय." छोटीने तोंडावर हात ठेवला. तो छोटीचाच आवाज होता. शब्द संपवायची घाई, शेवटी किंचित वर जाणारा सूर, सगळं तेच. छोटी वळून माझ्याकडे बघून हसली. तेवढ्या एका हसण्यासाठी मी चार महिने काय, चार वर्षं दिली असती.

अकरा मिनिटं आम्ही तसे बसलो. आई गाणं गुणगुणली, छोटीचं नाक पुसलं, मला म्हणाली दूध पिऊन घे. मावशी रडत होती. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाराव्या मिनिटाला आई म्हणाली, "बाळा, पुरे आता. जरा खालच्या काकूंना हाक मार. मला बरं वाटत नाहीये."

मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक मुलगा बोलला. "थांब ना आई. कॅसेट संपायला थोडीच राहिलीये."

"अरे, हात जड पडलाय माझा."

"आई, हलू नको ना. चित्र हलतंय."

आईने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं."

आणि ती हलली नाही. सहा मिनिटं. कॅमेऱ्याकडे बघून हसत बसली, एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरून. छोटी मांडीवर बडबडत होती आणि आईचा श्वास येत होता, जोरात, तोंडाने. टीव्हीवर तिचा चेहरा स्वच्छ होता, कालचा वाटावा असा. कपाळावर एक ठिपका नव्हता. घाम होता तो. तीन आठवडे बसून मी तो पुसला होता.

चित्रीकरण संपलं. कोणी बंद केलं नाही, काळा पडदा तसाच राहिला.

बाबा भिंतीकडेच बघत म्हणाले, "मला उशीर नव्हता झाला. काकूंचा निरोपच उशिरा आला, आला तसा मी धावत आलो." मग म्हणाले, "त्या रात्री कॅमेरा बंद करायला गेलो तेव्हा लावून ऐकली. मग कॉलेजात जाऊन परत परत ऐकायचो. फेकवली नाही. ती चालती बोलती तेवढीच होती. दोघांपैकी एकाला ते वागवायचं होतं. मी मोठा होतो."

८

सगळे म्हणतात, लहान होतास. मावशी त्याच दिवशी म्हणाली, पाठीवरून हात फिरवून. बाबांना तिने सॉरी वगैरे काही म्हटलं नाही, सतरा वर्षांचं काय सॉरी म्हणणार. जाताना फक्त त्यांच्या चपला नीट जोडून ठेवल्या. आता ती येते, बाबांशी बोलते. माझ्याशीही बोलते, पण बोलताना हातातल्या कापडाकडे बघते.

बाबा म्हणतात, सहा मिनिटांनी काही फरक पडला नसता, डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. मी विचारलं कुठले डॉक्टर. म्हणाले आता आठवत नाही. बाबा चांगलं खोटं बोलतात. मला सतरा वर्षं कळलं नव्हतं.

लहान होतास असं एकटी छोटी म्हणाली नाही. तिने पेनड्राइव्हवर फाइल मागितली. मी विचारलं, पूर्ण देऊ की बाराव्या मिनिटापर्यंत. पूर्ण, म्हणाली. तिच्या खोलीतून मला आईचा आवाज ऐकू येतो, रोज संध्याकाळी. गुणगुणणं येतं, दूध पिऊन घे येतं. मग बंद होतो. ती दर वेळी त्याच्या आधी थांबवते. मी इकडे बसून मिनिटं मोजतो, आणि थांबलं की मोकळा होतो.

काल थांबवलं नाही. शेवटपर्यंत चालू ठेवलं. मग दार उघडून बाहेर आली आणि माझ्या दारात उभी राहिली.

"दादा, आई बरं म्हणाली ना, ते तुला तेव्हा ऐकू आलं होतं?"

आठवत नाही म्हणता आलं असतं. तिने मानलंही असतं. पण त्या रविवारपासून मला सगळं आठवायला लागलंय. स्टुलावर चढून उभा होतो. एक डोळा मिटलेला. आई हलायची थांबली आणि चौकटीत नीट बसली.

"हो," मी म्हणालो. "ऐकू आलं होतं. मला आनंद झाला होता."

ती खोलीत गेली. दार आपटलं असतं तर चाललं असतं. तिने ते हळूच लावून घेतलं.